पत्रात ‘उंच’ चार वेळा

*मावशी, नमस्कार.*

*मी ३१ वर्षांची आहे, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि अंबडच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. उंची ४ फूट ११ इंच, छाती ३६, कंबर २९, सीट ४१. कपाटात सहा पँट आहेत आणि एकही धड बसत नाही. सीटला बसली तर कंबरेत मूठ जाते, कंबरेला बसेल अशी घेतली तर मांडीवरून चढत नाही. स्कर्ट घातला की मात्र मी दिवसभर कपड्यांचा विचारच करत नाही. पण जाऊबाई म्हणतात, ‘पँटमध्ये पाय लांब वाटतात, जरा उंच दिसतेस.’ दुकानातली मुलगी म्हणते, ‘हाय-वेस्ट घ्या मॅडम, उंच दिसाल.’ मैत्रिणीचं म्हणणं, स्कर्ट हा उंच मुलींचा कपडा, आपण त्यात पाचवीतल्या मुली वाटतो. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘मला त्यातलं काय कळतं, पण उंच दिसत असशील तर घाल की पँट.’ नुकतीच बढती मिळाली आहे. आता सप्लायरबरोबर मीटिंगा असतात आणि साहेब म्हणाले की फॉर्मल म्हणजे पँट-शर्ट. जाणं-येणं ॲक्टिव्हावर. पँटची सवय करून घेऊ की स्कर्ट शिवून घेऊ? शिवले तर लांबी किती ठेवू? सगळ्यांचं ऐकून डोकं फिरलंय.*

*– एक ठेंगणी-ठुसकी, इंदिरानगर*

ठेंगणी-ठुसकी, तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मी तुला सरळ अगं-तुगं करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि ‘उंच’ या शब्दाखाली रेघ मारत गेले. चार रेघा झाल्या. एक जाऊबाईंची, एक दुकानातल्या मुलीची, एक मैत्रिणीची आणि एक तुझ्या यजमानांची, ज्यांना त्यातलं काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतायत. तुझ्या स्वतःच्या वाक्यांत तो शब्द एकदाही नाही. तुझं वाक्य आहे, ‘मी दिवसभर कपड्यांचा विचारच करत नाही.’ मी उत्तर त्या वाक्याला देणार आहे. स्कर्ट शिवून घे. सहा पँटपैकी ज्या नुसत्या जागा अडवून बसल्यात त्या कुणाला तरी देऊन टाक.

आता ही पँट बसत का नाही ते ऐक, कारण पत्रावरून वाटतं की दोष तुझ्या अंगाचा आहे असं तू धरून चालली आहेस. स्कर्टला अंगाशी एकाच ठिकाणी जमवून घ्यायचं असतं, कंबरेला. तिथून पुढे तो सीटवरून घरंगळत खाली येतो, त्याला बाकी कसली चौकशी नसते. पँटला कंबर, सीट, आसन, मांडी, गुडघा, मोहरी (पायाचं खालचं तोंड) एवढं सगळं सांभाळायचं असतं, आणि ते सगळं तुला न बघता कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तयार कपड्यांत कंबर आणि सीट यांच्यात साधारण नऊ-दहा इंचांचा फरक धरतात. तुझ्यात तो १२ आहे. वरचे ते दोन इंच म्हणजे तुझ्या कंबरेत जाणारी मूठ.

त्याहून वाईट आसन. कंबरपट्ट्यापासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा तो भाग साडेपाच फुटी मुलीसाठी कापला असेल तर तुला एक-दीड इंच लांब पडतो. जोड खाली लोंबतो, कापड मांड्यांच्या मध्ये गोळा होतं आणि आपण कुणी बघत नाही ना हे बघून पँट वर ओढत राहतो. टेलर म्हणतो, ‘ताई, अल्टर करून देतो.’ कंबर मागच्या शिवणीतून दीड इंचापर्यंत आत घेता येते. त्यापुढे गेलं की मागचे दोन खिसे एकमेकांकडे राहायला येतात. आसन कमी करायचं तर पँट उसवून परत कापायची, म्हणजे नवीन शिवल्यासारखंच काम, आणि ते करून द्यायला टेलर बहुधा तयार नसतो. मीही नसायचे.

पाय खालून कमी करणं सगळ्यांत सोपं, आणि तिथेच मी एकदा पुरती फसले होते. माझा शिवणक्लास नवीन होता, बूटकट म्हणजे गुडघ्याखाली घेर असलेल्या पँटची लाट होती. तुझ्याच उंचीची एक मुलगी नवीकोरी पँट घेऊन आली, दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत. मी खालून चार इंच उडवले, झकास दुमड घातली, इस्त्री करून हातात दिली. तिने घातली तेव्हा कळलं की सगळा घेर त्या चार इंचांतच होता. गुडघ्याशी जिथे पँट निमुळती व्हायला हवी ती जागा तिच्या नडगीवर आली होती. मुलगी आरशात बघून ‘चालेल’ म्हणाली. ते ‘चालेल’ मला अजून ऐकू येतं. शिलाई घेतली नाही, पण तेवढ्याने काय होतं? मुलाखत तर तिला त्याच पँटमध्ये द्यायची होती.

मोठ्या ब्रँडांच्या साइटवर ‘पेटीट’ नावाचा एक कप्पा असतो, तो तू पाहिला असशील. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लहान. अमेरिकेत १९४० च्या दशकात हॅना ट्रॉय या डिझायनरने कमी उंचीच्या बायकांसाठी वेगळी मापं काढली आणि तिकडच्या दुकानांत तो शब्द रुळला. ५ फूट ४ इंचांच्या आतली बाई म्हणजे पेटीट, असा त्यांचा हिशोब. आपल्याकडे बायकांची सरासरी उंचीच सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. त्यांच्या हिशोबाने लोकलचा अख्खा लेडीज डबा पेटीट! तू सरासरीहून एका इंचाने कमी आहेस, बस्स. आपल्याकडच्या तयार कपड्यांचे मापाचे तक्ते वर्षानुवर्षं परदेशी तक्त्यांवरून बेतलेले. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने २५,००० हून अधिक भारतीयांना थ्रीडी स्कॅनरसमोर उभं करून आपली मापं काढायचं काम हाती घेतलं ते अगदी अलीकडे. तोवर ट्रायल रूममध्ये स्वतःच्या मांड्यांना दोष देत कितीजणी उभ्या राहिल्या असतील, देव जाणे.

आपल्या आज्यांना ही कटकट नव्हती. परकराला मापच नसतं, नाडी असते. वर अरुंद, खाली रुंद अशा सहा कळ्या जोडल्या, नेफा घातला, झालं. बाळंतपणाआधी तोच आणि नंतरही तोच. आणि गंमत सांगू? काष्ट्याची नऊवारी ही खरं म्हणजे पँटच. दोन्ही पाय वेगळे, मागे खोचलेली, बाई त्यात शेत नांगरू शकते. पण ती रोज सकाळी अंगावर नव्याने बेतली जाते. तिचं आसन आधीपासून कुणी कापून ठेवलेलं नसतं, म्हणून ती चार फूट दहाला बसते आणि पाच फूट आठलाही बसते. मी स्वतः चार फूट दहा आहे, अनुभवाने सांगते.

तर स्कर्ट.

ऑफिसचे दोन स्कर्ट ए-लाइन शिव, चार कळ्यांचे. कंबरेला बसणारे आणि सीटवरून हळूहळू सुटत जाणारे. टेलरला काय सांगायचं ते लिहून घे, कारण ‘मॅडम, मला माहिती आहे’ म्हणणाराच नेमका गोंधळ घालतो. मागे दोनऐवजी चार टक्स (कंबरेला आकार देणाऱ्या निमुळत्या चिमट्या), पाच-साडेपाच इंच लांब. पुढचे टक्स आखूड, तीन-साडेतीन इंचांचे, नाहीतर पोटाच्या उभारावर त्यांची टोकं टोचल्यासारखी दिसतात. कंबरपट्टा सरळ पट्टीचा नको, गोलाई देऊन कापलेला हवा. तुझी कंबर खालच्या बाजूला झपाट्याने रुंद होते, सरळ पट्टी तिथे वरच्या कडेला उभी राहते आणि परत मूठ जायला जागा होते. पट्ट्याची रुंदी सव्वा इंचाच्या वर नको. आपल्यासारख्यांचं कंबर ते छाती हे अंतर मुळात कमी, त्यात तीन इंची पट्टा लावला की धड संपलंच. चेन मागे घे, म्हणजे दोन्ही बाजूंना खिसे काढता येतात. खिसे हवेतच, त्यावर वाद नको. आणि शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, सोडायला सांग. आपल्या अंगाची मापं दिवाळीत एक असतात आणि मे महिन्यात दुसरी.

रविवारी घालायला एक अर्धगोल स्कर्ट कर. याचं गणित तू घरीही करू शकतेस. कंबर भागिले ३.१४. तुझे २९ भागले की साधारण सव्वानऊ येतात. कापडाच्या कडेवर मध्यभागी दोऱ्याचं टोक धरायचं, सव्वानऊ इंचांवर एक अर्धवर्तुळ काढायचं, ती कंबर. त्याच दोऱ्याने पुढे लांबी मोजून दुसरं अर्धवर्तुळ, ती कड. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) अडीच मीटर कापडात पट्टा आणि खिसे धरून सगळं निघतं. यात टक्स नाहीत आणि सीट मोजायचीही गरज नाही, कारण कंबरेखाली आठ इंचांवर याचा घेर ५४ होतो आणि तुझी सीट ४१. एकच काळजी घ्यायची: अर्धगोलात काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो आणि उरेब कापड टांगलं की उतरतं. म्हणून कड शिवण्याआधी पट्ट्याला चिमटे लावून स्कर्ट एक अख्खा दिवस-रात्र टांगून ठेवायचा. जे उतरायचं ते उतरू दे, मग कापायचं. आज शिवून उद्या घालायची घाई झाली की पंधरा दिवसांनी त्याच स्कर्टला बाजूला शेपट्या फुटतात.

चुण्यांचा, भरपूर घेराचा स्कर्ट मात्र नको. तीन मीटर कापड २९ इंचांत गोळा केलं की सगळी जाडी नेमकी सीटच्या वर बसते. फारच आवडत असेल तर प्लेट्स पाड आणि कंबरेपासून चार इंच खालपर्यंत त्या शिवून टाक, तिथून पुढे सोड.

आता लांबी. पायाला दोन निमुळत्या जागा असतात. एक गुडघ्याच्या जरा खाली, पोटरी भरायला लागते त्याच्या आधी. दुसरी पोटरी संपल्यावर, घोट्याच्या थोडी वर. स्कर्टची कड या दोनपैकी एका जागी थांबली पाहिजे. पोटरीच्या ऐन भरावावर आली की पाय तिथेच तोडल्यासारखा दिसतो, आणि मग तुझी मैत्रीण म्हणते ते खरं होतं. तुझ्या उंचीला पहिली जागा कंबरेपासून साधारण २२-२३ इंचांवर येईल आणि दुसरी ३१-३२ वर. मधला २५ ते २८ हा पट्टा टाळायचा. दुकानातली तयार मिडी बहुतेक वेळा तिथेच येते, आणि तयार मॅक्सी ३८-४० इंचांची असते, म्हणजे तुझ्या कंबरेपासून जमीन आहे त्याच्याही पुढे. तेव्हा ‘स्कर्ट उंच मुलींचा’ हा शोध लागतो तो या दोन चुकीच्या लांब्यांमुळे.

पण हे आकडे टेलरकडे जाऊन पाठ म्हणू नकोस. कंबरेपासून खाली मोजलेली लांबी भरल्या सीटच्या बाईला फसवते, कारण मागच्या बाजूला कापड उभारावरून जातं आणि वर चढतं. पुढून ३१ शिवलेला स्कर्ट मागून इंचभर आखूड दिसतो, बाजूने बघितलं तर मागची कड शेपूट उचलल्यासारखी. म्हणून कड जमिनीपासून वर मोजायची. क्लासमध्ये मी मुलीला कापायच्या टेबलावर उभी करायचे, पायांत रोजची चप्पल. लाकडी फूटपट्टी टेबलावर उभी धरायची, हवी त्या उंचीवर पट्टीला रबरबँड, हातात खडू. ‘वळ’ म्हटलं की ती थोडी वळणार, मी रबरबँडच्या रेषेत कापडावर एक खूण करणार. दर दोन खुणांमागे ‘खाली बघू नकोस’ म्हणावं लागायचं, कारण काय चाललंय ते बघायला मान खाली गेली की पुढची कड उतरते आणि मागची चढते. बारा-पंधरा खुणा झाल्या की स्कर्ट काढून टेबलावर पसरायचा. त्या खुणांची रेघ कधीही सरळ आलेली मी पाहिली नाही. मागच्या बाजूला फुगवटा ठरलेला. एका कुशीला थोडी चढण, कारण एक कंबर दुसरीपेक्षा किंचित वर असते, आणि खांद्याला बॅग अडकवणाऱ्या मुलींची तर असतेच. नवीन मुली ती रेघ सरळ करायला धावायच्या. मी हात धरायचे. ती वाकडीच कापायची, मग अंगावर सरळ पडते.

कापडासाठी मेन रोडला जा, शालिमारपर्यंतच्या गल्ल्यांत कटपीस बघ. अडीच मीटरचा तुकडा तिथे हमखास मिळतो. निवडायची युक्ती: कोपरा मुठीत घट्ट धर आणि सोड. उभंच राहिलं तर तो स्कर्टही तंबूसारखा उभा राहील. ओलं वाटावं इतकं लुळं पडलं तर ते अंगाला चिकटेल आणि सीटचा नकाशा काढेल. मधलं घे. कॉटन सॅटिन, मऊ डेनिम, थोडं वजन असलेलं क्रेप. कॉटन असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात, आटायचं ते आधीच आटू दे. अस्तर मऊ कॉटनचं, कडेपासून तीन इंच वर संपणारं.

आडव्या रेघांना घाबरू नकोस हेही सांगून ठेवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६७ मध्येच लिहून ठेवलंय की आडव्या रेघांचा चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद दिसतो, आणि त्याने उदाहरणही बायकांच्या कपड्यांचंच दिलं. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये बाईच्या आकृत्या दाखवून तेच पडताळलं. दीडशे वर्षं झाली तरी दुकानातली मुलगी अजून उभ्या रेघांचंच कापड पुढे टाकते. मला खटकतो तो फक्त खालचा रुंद काठ. आपल्याच जिल्ह्यात येवला असल्यामुळे पैठणीच्या काठाचे स्कर्ट करायची सगळ्यांना हौस, पण सहा इंची काठ २३ इंचांच्या स्कर्टला लावला तर पाव स्कर्ट काठातच गेला. दोन इंची बारीक काठ लाव.

ॲक्टिव्हाचं म्हणशील तर चार कळ्यांचा किंवा अर्धगोल स्कर्ट मांडीखाली दाबून बसलं की जागचा हलत नाही. कडेला दुमड दोन इंचांची ठेव, वजनाने ती वाऱ्याला पुरते. पेन्सिल स्कर्ट गाडीवर नको. फूटबोर्डवर पाय उचलताना चिरेतून काय दिसेल याचा विचार करावा लागतो, आणि तुला तर विचारच करायचा नाहीये. आत गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट घाल. मांड्या घासून एप्रिल-मेमध्ये जे लाल होतं ते बऱ्याच जणी कुणाला सांगत नाहीत, नुसती पावडर लावत बसतात. शॉर्टने तो प्रश्न मिटतो. यजमानांच्या मोटारसायकलवर मागे बसणार असशील तर साडीगार्ड जागेवर आहे ना बघ. मागचं चाक निदान निम्मं झाकणारं गार्ड हवं असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९ पासून लिहिलेलं आहे, पण गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून ते काढून ठेवण्यात काही पुरुषांना फार पराक्रम वाटतो. पावसात २३ चा स्कर्ट, थंडीत ३१ चा आणि आत गरम लेगिंग. आपल्याकडच्या डिसेंबरच्या सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाणाऱ्या बायका साडीखालीही तेच घालतात.

राहिले साहेब. ‘फॉर्मल म्हणजे पँट-शर्ट’ हे त्यांचं मत आहे की कंपनीचा नियम, हे आधी एचआरला दोन ओळींच्या मेलवर विचार. लेखी नियम बहुतेक ठिकाणी ‘नीटनेटके, औपचारिक कपडे’ एवढाच असतो, आणि गडद निळा किंवा राखाडी ए-लाइन स्कर्ट, वर खोचलेला शर्ट हे जगात कुठेही औपचारिकच धरतात. पँट म्हणजे पुढारलेपण असं आपल्याला वाटतं त्याला कारण आहे. पॅरिसमध्ये १८०० साली बाईला पँट घालायला पोलिसांची परवानगी लागेल असा हुकूम निघाला, आणि तो रद्दबातल असल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं ते थेट २०१३ मध्ये. ज्यांनी भांडून पँट मिळवली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण भांडण आपल्या मर्जीचं घालायला मिळावं यासाठी होतं. आता उलट्या बाजूने सक्ती आली तर तीही सक्तीच.

मात्र एक पँट ठेव, आणि तीही शिवलेली. तुझ्या कामात सप्लायरच्या शेडमध्ये जावं लागत असेल. फिरत्या यंत्राजवळ घेराचा स्कर्ट, ओढणी, सुटे केस काहीही नको. १९४८ च्या कारखाने कायद्यातही चालू यंत्राशी काम करणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे सांगितले होते. त्या दिवसांसाठी टेलरकडून सरळ, घोट्यापर्यंतची पँट बेतून घे. आसनाचं माप खुर्चीत ताठ बसून घ्यायला लाव, बाजूने कंबरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंत. उभ्याने अंदाजे घेतलेलं आसन मला मंजूर नाही.

वरच्या कपड्याबद्दल फार बोलत नाही: शर्ट खोच किंवा कंबरेशी संपणारा घे. सीटच्या ऐन रुंदीवर संपणारी कुर्ती स्कर्टचं सगळं काम पुसून टाकते. जाऊबाईंचं एक मात्र खरं आहे. पँटमध्ये पाय लांब वाटतो तो कंबरेपासून पावलापर्यंत एकच रंग सलग उतरतो म्हणून. ते तुला लांब स्कर्टमध्येही करता येईल, त्याच रंगाची, पुढून खोल कापलेली चप्पल घालून. हवं असेल तर, हं. नसेल तर लाल कोल्हापुरी घाल.

कड पक्की करण्याआधी कच्च्या टाक्यावर एक दिवस घरात वावर. जमिनीवर मांडी घालून भाजी निवड, जिना चढ, गाडीवर बसून कॉलनीला एक चक्कर मार. काही ओढलं, अडकलं तर तेव्हाच कळू दे. आणि खडूच्या खुणांसाठी यजमानांना बसव फूटपट्टी घेऊन. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण रबरबँड दिसतो ना? ‘खाली बघू नकोस’ एवढं मात्र त्यांनी तुला दर दोन खुणांमागे सांगायचंय.

– मावशी